गोव्यातल्या कॉलेजात गणित शिकवायला जाताय? आधी वर्कलोडचा कागद वाचायला शिका

एमएस्सीचा निकाल लागला त्या वर्षी जूनमध्ये मी तीन वॉक-इन मुलाखती दिल्या. बाहेर धो धो पाऊस आणि फाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. डोक्यात एकच धाकधूक, टॉपॉलॉजीतलं काही विचारलं तर? तिन्ही ठिकाणी मुलाखतीच्या शेवटी मला एकच गोष्ट कळली. मला किती गणित येतं यापेक्षा विभागात किती तास शिल्लक आहेत, यावर माझं वर्ष ठरणार होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी तयारी वेगळी केली असती. म्हणून हा लेख.

हे मुख्यतः गोव्यातल्या बीएस्सी कॉलेजांबद्दल आहे, सरकारी आणि अनुदानित दोन्ही. सावंतवाडी-कोल्हापूरकडून येणाऱ्यांसाठी एक खुलासा आधीच करते. तुमच्याकडे ज्याला सीएचबी किंवा तासिका तत्त्व म्हणतात, त्याला इथे 'लेक्चर बेसिस' म्हणतात.

१. आधी पात्रता तपासा, आणि परीक्षा बरोबर निवडा

कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायला पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्यपातळीवरची) लागते. राखीव गटांना आणि दिव्यांगांना टक्केवारीत पाच टक्क्यांची सवलत आहे. बीएड लागत नाही. ती लागते हायर सेकंडरीला. दोन्हीकडे एकाच फाइलने अर्ज करणारे पुष्कळ असतात आणि एका ठिकाणी तरी आपटतात.

गणिताची नेट म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय 'मॅथेमॅटिकल सायन्सेस'. इतिहास-मराठीवाले देतात ती यूजीसी नेट वेगळी. दोन्ही परीक्षा एनटीए ही एकच केंद्रीय संस्था घेते, त्यामुळे गोंधळ होतो. माझ्या बरोबरच्या एका मुलीला यूजीसी नेटच्या यादीत गणित सापडेना, म्हणून ती कॉम्प्युटर सायन्स निवडून मोकळी झाली. फी गेली, सहा महिनेही गेले.

पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा. 'ए' भागात साधं तर्क-आकडेमोडीचं, २० पैकी १५ प्रश्न. 'बी' भागात ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. 'सी' भागात ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. 'सी'मध्ये चुकीला गुण कापत नाहीत, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय ओळखले तरच गुण मिळतात. तीनपैकी दोन ओळखले तर शून्य. एमएस्सीत प्रमेयं पाठ करून पहिला वर्ग मिळवलेले इथे अडकतात, कारण 'सी' भाग प्रतिउदाहरणं मागतो. प्रत्येक प्रमेयातली एकेक अट काढून टाका आणि काय कोसळतं ते बघा. माझी तयारी खरी सुरू झाली ती तिथून.

सेट महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच आहे, पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, चुकीला गुण कापत नाहीत. सेट फक्त या दोन राज्यांत चालते. गोव्यातच राहायचं असेल तर ती पुरते, पण एक हिशेब लक्षात ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत कॉलेजच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना जे गुण धरतात त्यात जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह) नेटला १०, नेटला ८ आणि सेटला ५ आहेत. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. हे गुण मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, पुढची निवड मुलाखतीवर होते.

२. कागदपत्रं: मे महिन्यातच जमवा

जूनमध्ये जाहिरात येते आणि चार दिवसांवर मुलाखत असते. तेव्हा मामलेदार कचेरीत धावून काही होत नाही.

- दहावीपासून एमएस्सीपर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका, प्रत्येक सत्राच्या. फक्त शेवटची चालत नाही.
- पदवीचं प्रमाणपत्र. दीक्षान्त समारंभ झाला नसेल तर तात्पुरतं.
- नेट/सेटचं प्रमाणपत्र. नुसता निकालाचा प्रिंट नको.
- जन्मदाखला.
- १५ वर्षांचा रहिवासी दाखला, मामलेदारांकडून.
- लागू असेल तर जातीचा दाखला. ओबीसींनी नॉन-क्रीमी लेयरचा चालू मुदतीतला.
- आधीच्या कॉलेजाचा अनुभवाचा दाखला (याबद्दल शेवटी).
- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, चार फोटो.
- सगळ्याच्या दोन-दोन स्वतः सही केलेल्या प्रती.

रहिवासी दाखला हा सगळ्यात वेळखाऊ. शाळांचे दाखले लावून १५ वर्षांची साखळी दाखवावी लागते, तलाठ्याचा अहवाल येतो, मधलं एखादं वर्ष रिकामं दिसलं की अर्ज परत. तुम्ही पुण्यात एमएस्सी केलं असेल तर ती दोन वर्षं कशी दाखवायची ते आधीच विचारून घ्या. सरकारी कॉलेजातली पदं गोवा लोकसेवा आयोग भरतो आणि तिथे या दाखल्याशिवाय पान हलत नाही. कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम, असंही जाहिरातीत असतं. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्यातल्या काहींना कोकणी 'येतेच की' असं वाटतं. बोलता येते हो, पण मुलाखतीत समोरचा कोकणीतून बोलू लागला की आपण मराठीत उत्तर देतो. आधीपासून सवय करा.

दुसरी कटकट नावाची. गोव्यात जुन्या नोंदींत आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. माझ्या आडनावातला 'क' जन्मदाखल्यावर 'सी' अक्षराने आहे आणि पदवीवर 'के' अक्षराने. आधारवर तिसराच प्रकार होता. पडताळणीत कारकुनाने तिन्ही कागद एका ओळीत मांडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातली तू कुठली?" प्रतिज्ञापत्र करून घ्या, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचाही कागद जोडा.

३. पद कुठलं आहे ते नीट वाचा

कायम पद: असिस्टंट प्रोफेसर, वेतनश्रेणी लेव्हल १०, मूळ पगार ५७,७०० पासून. सरकारी कॉलेज (सांखळी, केपे, खांडोळा वगैरे) असेल तर आयोगामार्फत. अनुदानित कॉलेज असेल तर संस्था जाहिरात देते, पण पद भरायला पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची मंजुरी लागते.

कॉन्ट्रॅक्ट: ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मासिक रकमेवर. आदेशावर शेवटची तारीख असते, ती वाचा. एप्रिलमध्ये संपते की मेमध्ये, यावर एका महिन्याचा पगार असतो.

लेक्चर बेसिस: घेतलेल्या तासांचे पैसे. सुटी, संप, गॅदरिंग, चवथ, कशाचेच नाहीत. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, माझीही झाली.

४. वर्कलोडचा कागद: हे एक जमलं तर बाकी जमेल

यूजीसीच्या नियमानुसार असिस्टंट प्रोफेसरने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरने १४. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, दर सत्राआधी एक तक्ता करतो. कोणते पेपर, किती क्रेडिट, किती बॅच, एकूण किती तास. तो तक्ता प्राचार्यांच्या सहीने वर जातो आणि त्यातूनच ठरतं की माणूस घ्यायचा की नाही.

उदाहरण घेऊ. चार क्रेडिटचा पेपर, तीन थिअरी आणि एक प्रॅक्टिकल. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्राला १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३ तास थिअरी आणि प्रत्येक बॅचमागे २ तास प्रॅक्टिकल. वर्गात साठ मुलं, वीस-वीसच्या तीन बॅच: ३ + ६ = ९ तास. तोच पेपर, मुलं अडतीस: ३ + ४ = ७. शिकवायचं तेवढंच, पण दोन तास उडाले.

आता समजा विभागाचे एकूण ५६ तास भरतात. एचओडी असोसिएट प्रोफेसर, त्यांचे १४. दोन असिस्टंट, ३२. झाले ४६. उरले १०. दहा तासांवर पद होत नाही, म्हणून लेक्चर बेसिसवर माणूस घेतात. तो माणूस म्हणजे तुम्ही. ऑगस्टमध्ये प्रवेश पक्के झाले आणि दोन पेपरांची एकेक बॅच कमी झाली की चार तास गेले. कायम लोकांचे तास आधी भरतात. म्हणजे कपात पूर्ण तुमच्या दहातून, उरले सहा.

माझं नेमकं हेच झालं. पहिल्या कॉलेजात मला दहा तास सांगितले होते, कागद दिला नव्हता. बॅच एकत्र केल्या गेल्या ते मला नोटीस बोर्डावरच्या नव्या टाइमटेबलमधून कळलं. एचओडींचा त्यात दोष नव्हता, त्यांनाही आकडा उशिराच मिळाला होता. पण मी त्या दहा तासांच्या भरवशावर फोंड्याला खोली घेतली होती.

म्हणून रुजू होताना हे विचारा, आणि लाजू नका:

- हे तास गेल्या वर्षीच्या मुलांच्या संख्येवर धरलेत की यंदाच्या प्रवेशांवर?
- यातले प्रॅक्टिकलचे किती? किती बॅच?
- मेजरचे (मुख्य विषयाचे) किती, मायनरचे (जोडविषयाचे) किती?

शेवटचा प्रश्न नवा आहे. गोव्यात २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. मेजर गणित घेणारी मुलं मोजकी असतात आणि ती टिकतात. मायनर आणि मल्टिडिसिप्लिनरी पेपरांचे तास मात्र इतर विभागांच्या मुलांच्या निवडीवर लोंबकळत असतात. भौतिकशास्त्राच्या मुलांनी गणित मायनर घेतलं तर विभाग भरलेला. त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर दुपारी स्टाफरूममध्ये चहा. एका कॉलेजात आमच्या मॅडम प्रवेशाच्या दिवसांत मुद्दाम काउंटरजवळ खुर्ची टाकून बसायच्या. बारावीत गणिताला चांगले गुण दिसले की, "ये रे बाबा, इकडे ये, मायनर काय घेतोस?" तेव्हा मला हसू यायचं.

५. मुलाखत

सात-आठ मिनिटांची असते. एमएस्सीचा आवडता विषय विचारतात. तो बेताने सांगा, कारण पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच येतात. मी 'रिअल अॅनालिसिस' म्हटलं. युनिफॉर्म कंटिन्युइटीची व्याख्या फळ्यावर लिहिली, एप्सिलॉन-डेल्टा सगळं जागच्या जागी. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "एक्सचा वर्ग हे फलन शून्य ते एकवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे, सगळ्या वास्तव संख्यांवर नाही. हे बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या पोराला सांग. व्याख्या न वापरता." मी गप्प. नंतर त्यांनीच खडू घेऊन आलेख काढला. उजवीकडे जावं तसा वक्र किती उभा होत जातो, तेवढीच पट्टी वरखाली हवी तर आडवी पट्टी किती बारीक करावी लागते, ते दाखवलं. दीड मिनिट. पद मिळालं नाही, पण तो आलेख मी दरवर्षी काढते.

तयारी म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे पाच विषय निवडा आणि प्रत्येकाचं एक चित्र व एक उदाहरण तयार ठेवा. गोवा विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम वाचून जा. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा किंवा सेज हे गणिताचं सॉफ्टवेअर येतं का हेही हमखास विचारतात, कारण प्रॅक्टिकल संगणकावर असतात आणि ते नव्या माणसाच्याच गळ्यात पडतात.

६. पहिला आठवडा

रुजू होण्याचं पत्र दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. मस्टर कुठे आणि लेक्चरचं बिल कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं ते कार्यालयात विचारा. बिलावर तारीख, वर्ग, पेपर, वेळ, सगळं लागतं, आणि ते तुमच्या डायरीशी आणि टाइमटेबलशी जुळावं लागतं. तास बदलून घेतला असेल तर त्याच दिवशी एचओडींची सही घ्या. महिनाअखेर कुणाला काही आठवत नाही.

टाइमटेबल हातात आलं की प्रॅक्टिकल कधी आहेत ते बघा. सत्तरी, सांगेकडची मुलं बसवर अवलंबून असतात. दुपारचं प्रॅक्टिकल बस सुटायच्या वेळेशी भिडलं तर शेवटच्या अर्ध्या तासात वर्ग रिकामा होतो आणि तुम्ही एकटे पायथनशी खेळत बसता. हे आधी सांगितलं तर बदलून मिळतं.

वर्गात भाषा इंग्रजी. पण शंका कोकणीत येते, तासानंतर, दाराजवळ. तिथे इंग्रजीत उत्तर देऊ नका.

७. परीक्षेचं काम

सत्रात चालणारं मूल्यमापन म्हणजे आयएसए, सत्राअखेरचं एसईए. लेक्चर बेसिसवर असलात तरी पेपर काढणं, तपासणं, पर्यवेक्षण येतंच. कशाचे पैसे मिळतात आणि कशाचे 'विभागाचं काम' म्हणून जातात, ते विचारून घ्या. ठिकठिकाणी वेगळं आहे.

पेपर लाटेकमध्ये (गणिताची चिन्हं नीट छापणारं सॉफ्टवेअर) टाइप करायला शिका. वर्डमध्ये केलेला पेपर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंटिग्रलच्या जागी चौकोन दिसतो, आणि तो तुम्हाला परीक्षेच्या सकाळी दिसतो.

आणि काढलेला पेपर स्वतः सोडवा. मी एका आयएसएला दोन बाय दोनचं मॅट्रिक्स दिलं होतं, वरच्या ओळीत २, १ आणि खालच्या ओळीत १, २. आयगेनव्हॅल्यू १ आणि ३, दोन गुणांचा सोपा प्रश्न. टाइप करताना शेवटच्या २ चा ३ झाला. आता आयगेनव्हॅल्यू आल्या पाच अधिक-उणे वर्गमूळ पाच, भागिले दोन. गणित बरोबरच होतं, पण निम्मा वर्ग 'आपलंच चुकलं' समजून वीस मिनिटं खोडत बसला. मॅडमनी पेपर बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "काढलास गो, पण घड्याळ लावून सोडवलास का?" तेव्हापासून पेपर बंद करण्याआधी मी तो कोऱ्या कागदावर लिहून काढते. मला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट मुलांना धरते.

८. बाकीची कामं

नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइली, आयक्यूएसीला (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाला) लागणारे अहवाल, फोटो, उपस्थितीच्या सह्या. नव्या माणसाला संगणक येतो या एका गुन्ह्यासाठी हे सगळं त्याच्याकडे येतं. करा, पण प्रत्येक कार्यक्रमाचं आपल्या नावाचं पत्र घ्या.

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन असतो, रामानुजनांचा जन्मदिवस. सगळीकडे तेच भित्तिपत्रक, तीच टॅक्सीची १७२९ ची गोष्ट. एकदा तरी दामोदर धर्मानंद कोसंबींवर करून बघा. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला हा गणितज्ञ पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवत होता. मुलांना ते इतिहासकार म्हणून माहीत असतात, तेही माहीत असले तर. आमच्या मुलांनी त्यांचं नाण्यांवरचं काम घेतलं होतं. जुनी नाणी चलनात झिजतात, वजन घटतं, त्यावरून सांख्यिकीने नाण्याचा काळ लावायचा. मुलांनी घरातून रुपयाची नाणी गोळा करून केमिस्ट्रीच्या तराजूवर तोलली. त्या वर्षी मायनरला चार मुलं वाढली. कारण हेच होतं असं मी म्हणत नाही.

९. निघताना

सत्र संपलं की त्याच आठवड्यात अनुभवाचा दाखला मागा. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, लेक्चर बेसिस की कॉन्ट्रॅक्ट, शिकवलेले वर्ग आणि आठवड्याचे तास हवेत. 'सदर शिक्षिकेने समाधानकारक काम केले' एवढ्याच ओळीचा दाखला पडताळणीत उपयोगी पडत नाही. वर्ष अपुरं असेल तर अनुभवाचे गुण त्या प्रमाणात कमी होतात, त्यामुळे दहा दिवसांचा फरकही मोजला जातो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लेक्चर बेसिसची वर्षं निवडीच्या वेळी अनुभव म्हणून उपयोगी पडतात, पुढे बढतीसाठी सेवा म्हणून सहसा धरली जात नाहीत. त्यासाठी आधीची नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत आणि कायम शिक्षकाइतक्या पगारावर झालेली असावी लागते. कायम झाल्यावर लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, नसेल तर सहा, हे घड्याळ तिथून सुरू होतं. पीएचडीला नाव घालायचं असेल तर या लेक्चर बेसिसच्या वर्षांतच घाला, दुपारी तेवढा वेळ मिळतो.

आणि दाखला मेच्या पहिल्या आठवड्याआधी घ्या. नंतर कार्यालयातला माणूस रजेवर जातो आणि शिक्क्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते.